टोकियोत कोणत्या दाराने बाहेर पडावं?

टोकियोला निघालेला मराठी माणूस आधी काय विचारतो? कमरेत किती वाकायचं, चॉपस्टिक्स कशा धरायच्या आणि जोडे नेमके कुठे काढायचे. यातलं काहीही चुकलं तरी तिथे कुणी रागावत नाही. परक्याला हे जमणार नाही असं तिथली माणसं धरूनच चालतात, आणि जमलं तर कौतुकही करतात. फटका बसतो तो भलतीकडेच: विमानतळ निवडताना, गाडी बदलताना, स्टेशनातून बाहेर पडताना आणि सोमवारी सकाळी संग्रहालयाच्या बंद दारासमोर. मला तिथे भेटलेले बहुतेक पर्यटक शिष्टाचार पाठ करून आले होते. नकाशा मात्र हॉटेलात पोचल्यावर उघडू, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं.

पहिला निर्णय विमानाचं तिकीट काढतानाच होऊन जातो. टोकियोला दोन विमानतळ आहेत. हानेदा शहरातच, मध्यवर्ती भागापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. नरीता शेजारच्या चिबा प्रांतात, साठ किलोमीटरहून लांब. सीएसएमटीपासून बदलापूर जेवढं दूर, साधारण तेवढं. भारतातली काही विमानं इथे उतरतात, काही तिथे, आणि तिकिटाच्या संकेतस्थळावर दोन्हींपुढे नुसतं ‘टोकियो’ लिहिलेलं असतं. दिवसाउजेडी उतरणार असाल तर नरीताची काही अडचण नाही. स्कायलायनर ही गाडी चाळीसेक मिनिटांत शहरातल्या निप्पोरी स्थानकात आणून सोडते, नरीता एक्सप्रेस तासाभरात टोकियो स्थानकात पोचवते. प्रश्न येतो तो रात्री उशिरा उतरणाऱ्या स्वस्त तिकिटाचा. पासपोर्ट, सामान, कस्टम्स उरकून बाहेर यायला तास-दीड तास सहज जातो आणि शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या अकराच्या आसपास निघून जातात. मग उरते टॅक्सी. तिला वीस हजार येनच्या पुढे मोजावे लागतात, आणि रात्री दहा ते पहाटे पाच मीटर वीस टक्क्यांनी वाढलेला असतो. तिकिटात वाचवलेले पैसे असे एका फेरीत परत जातात.

शहरातही तेच. जगातलं सगळ्यात मोठं रेल्वेचं जाळं असलेल्या या महानगरात मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला की लोकल आणि मेट्रो दोन्ही बंद होतात, त्या थेट पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. शिबुयाच्या झगमगाटात उभं असताना हे खरं वाटत नाही. साडेअकरानंतर मात्र आजूबाजूचे जपानी लोक अचानक पावलं झपाझप टाकायला लागतात. त्यांच्याबरोबर आपणही निघावं हे उत्तम.

आता स्टेशनं. टोकियोच्या प्रवासवर्णनात मंदिरांपेक्षा स्टेशनांना जास्त जागा द्यावी लागते, याला माझा इलाज नाही. पर्यटकाचा निम्मा दिवस तिथेच जातो. शिंजुकु हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्थानक म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंदलेलं आहे. रोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसं तिथून जा-ये करतात. पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या तिथे येतात आणि बाहेर पडायची दारं दोनशेहून जास्त आहेत. पूर्व बाजूकडून पश्चिमेला जाणारा, तिकीट न लागणारा सरळ रुंद रस्ता स्थानकाच्या पोटातून निघाला तो २०२० साली. त्याआधी चुकीच्या बाजूला बाहेर पडलेल्या माणसाला भला मोठा वळसा पडायचा. पश्चिमेला जुनी दुकानं पाडून नवं बांधकाम चाललं आहे, त्यामुळे गेल्या वर्षी पाहिलेली वाट यंदा पत्र्यांआड गेलेली असू शकते.

याच शिंजुकुत मी भाचीची वाट पाहत उभा असताना एका पुणेकर कुटुंबाची गाठ पडली. माझं फोनवरचं मराठी बोलणं ऐकून गृहस्थ पुढे आले.

“काका, इथलेच का तुम्ही? आमचा मुलगा म्हणतो तो साउथ एक्झिटला उभा आहे. आम्हीही साउथ एक्झिटलाच आहोत. तासभर झाला.”

“साउथ की न्यू साउथ?” मागून आलेल्या माझ्या भाचीने विचारलं.

“म्हणजे दोन आहेत?”

“साउथईस्ट धरला तर तीन. आणि आणखीही आहेत, पण ते राहू दे. काकू, तुमच्या डोक्यावरच्या पिवळ्या पाटीचा फोटो काढून त्याला पाठवा. तो येईल. तुम्ही हलू नका.”

तो दहा मिनिटांत आला. भाची गेली काही वर्षं टोकियोत नोकरी करते. तिचा नियम साधा आहे: स्टेशनाचं नाव अर्धाच पत्ता असतो, दाराचं नाव किंवा क्रमांक हा उरलेला अर्धा. नकाशाचं अ‍ॅप क्रमांक सांगतं. तो गाडीत बसल्याबसल्या पाहून ठेवायचा, फाटकाबाहेर पडल्यावर नव्हे. कारण फाटक ओलांडल्यावर पुन्हा आत शिरायचं तर नवं भाडं पडतं. बाहेर जायच्या पाट्या पिवळ्या असतात, तेवढ्याच शोधत चालायचं. शिवाय निशी-शिंजुकु, सेइबु-शिंजुकु, शिंजुकु-सान्चोमे ही शिंजुकुची दारं नव्हेत, निराळी स्टेशनं आहेत.

दुसरा गोंधळ कंपन्यांचा. सगळी रेल्वे सरकारची आणि एकाच तिकिटाची, अशी सवय आपल्याला असते. टोकियोत जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाड्या वेगळ्या, टोकियो मेट्रोचे नऊ मार्ग वेगळे, तोएई या महानगर सरकारच्या भुयारी गाड्यांचे चार मार्ग वेगळे, आणि उपनगरांकडे जाणाऱ्या खासगी कंपन्या आणखी निराळ्या. एकीतून दुसरीत गेलं की भाडं नव्याने सुरू होतं. पर्यटकांसाठीचं चोवीस, अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांचं भुयारी रेल्वेचं तिकीट स्वस्त आहे, पण ते मेट्रो आणि तोएईवरच चालतं. शहराला वळसा घालणाऱ्या जेआरच्या हिरव्या यामानोते मार्गावर चालत नाही. ते घेऊन यामानोतेच्या फाटकाशी अडलेले लोक रोज दिसतात. त्यापेक्षा सुइका किंवा पास्मो हे कार्ड घ्यावं. दोन्हींचं काम सारखंच, सगळ्या कंपन्यांना चालतं, कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटलीही त्यावर मिळते. फक्त त्यात पैसे भरायला बरीचशी यंत्रं रोख नोटाच मागतात. तेव्हा थोडे येन खिशात हवेत. आपलं भारतीय कार्ड बँकांच्या यंत्रात नखरे करतं. सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या आणि पोस्टाच्या यंत्रांत सहसा चालतं.

गाडी एकाच फलाटावर येते म्हणून ती आपल्या स्टेशनावर थांबेलच असं नाही. लोकल, रॅपिड, एक्सप्रेस एकामागोमाग एकाच रुळावरून येतात. चुकीच्या गाडीत बसलात तर घाबरायचं कारण नाही, पुढच्या थांब्यावर उतरून उलट गाडी धरायची. कागदी तिकीट कमी किमतीचं निघालं तरी दंड नसतो. फाटकाआधी फरक भरायचं यंत्र असतं, त्यात तिकीट सरकवलं की ते उरलेली रक्कम मागतं. विनातिकीट म्हणून कॉलर धरणारा टीसी तिथे नाही, हे कळल्यावर आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा येतो तो पाहण्यासारखा असतो.

गर्दीच्या वेळेबद्दल मुंबईकराला सांगायला नको. सकाळी साडेसात ते नऊ मोठी बॅग घेऊन गाडीत शिरू नये. सामानासाठी जपानी माणूस जे करतो तेच करावं. विमानतळावरच्या किंवा हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची. काळ्या मांजराच्या चिन्हाची यामातो कंपनी ती दोन-तीन हजार येनमध्ये, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी, पुढच्या हॉटेलवर पोचवते. क्योतोला जाताना ही सोय खरी उपयोगी पडते, कारण लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेलेली बॅग तोकाइदो शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये न्यायची तर ठराविक आसन आधी राखून ठेवावं लागतं. राखलं नाही तर हजार येन दंड.

शिन्कान्सेनचा विषय निघालाच आहे तर जेआर पासचं, म्हणजे ठराविक दिवस जेआरच्या गाड्यांतून हवं तेवढं फिरायच्या पासचं, सांगून टाकतो. पूर्वी जपानला जाणारा प्रत्येक जण डोळे मिटून हा पास काढायचा, आणि त्या वेळी ते बरोबरही होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाली. टोकियो-क्योतोचं जाऊन-येऊन तिकीट २८,००० येनच्या आसपास पडतं. शिवाय नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीसाठी पासधारकाला वर वेगळे पैसे द्यावे लागतात. म्हणजे नुसतं टोकियो आणि क्योतो पाहणाऱ्याला पास तोट्याचा आहे. जुनी प्रवासाची पुस्तकं आणि जाऊन आलेले नातेवाईक अजूनही तो घ्यायला सांगतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं.

दिवसाचा बेत आखताना सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्याचं कारण टोकियोचा आकार. तेवीस विभागांच्या या शहराला एक असा मध्यच नाही. शिंजुकु, शिबुया, गिन्झा, उएनो, इकेबुकुरो ही आपापल्या परीने पूर्ण शहरं आहेत. सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात सकाळी आसाकुसा, दुपारी हाराजुकु, संध्याकाळी पुन्हा स्कायट्रीचा मनोरा असा कार्यक्रम मी पाहिला आहे. आसाकुसा आणि स्कायट्री पूर्वेला समोरासमोर, हाराजुकु पश्चिमेला. आसाकुसाहून शिबुयाला जाणारी गिन्झा मेट्रो, जिचा उएनो-आसाकुसा हा पहिला टप्पा १९२७मध्ये आशियातली पहिली भुयारी रेल्वे म्हणून सुरू झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासाहून जास्त घेते. त्यात जिने, चालणं, दारं शोधणं मिळवा. एका दिवशी एक बाजू, एवढा बेत पुरे. पूर्वेचा दिवस आसाकुसा, उएनो आणि यानाकाच्या जुन्या गल्ल्यांना द्यावा. मेइजी मंदिर, हाराजुकु, शिबुया हे एकमेकांना लागून आहेत, त्यांना दुसरा.

पहाटे उठणाऱ्यांची तिथे चंगळ आहे आणि कुचंबणाही. जूनमध्ये साडेचारला सूर्य उगवतो, पण दुकानं दहा-अकराशिवाय उघडत नाहीत. म्हणून सकाळ देवळांना द्यावी. मेइजी मंदिराचं आवार सूर्योदयाला उघडतं. आसाकुसाच्या सेन्सोजीचं आवार तर बंदच होत नाही, आणि सातच्या आत गेलात तर नऊनंतर जिथे पाऊल ठेवायला जागा नसते तिथे झाडूवाले आणि चार-दोन आजोबा एवढेच असतात. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती उघडी राहून मंगळवारी मिटतात. राजवाड्याची पूर्व बाग सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. त्सुकिजीचा प्रसिद्ध मासळी लिलाव पाहायला त्सुकिजीला जाऊ नये. घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८मध्ये तोयोसूला हलला, त्सुकिजीत उरलाय तो बाहेरचा खाण्यापिण्याचा बाजार. तोही मजेदार आहे, पण तिथे लिलाव नाही. मिताकाच्या जिब्ली या अ‍ॅनिमेशनपटांच्या संग्रहालयाला दारावर तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं आदल्या महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडच्या साडेसहाला, विक्रीला येतात. टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाही, चिबात आहे. आणि तिकडे जाणाऱ्या केइयो मार्गाचे फलाट टोकियो स्थानकातच इतके आडबाजूला आहेत की गाडी बदलायला पंधरा मिनिटं हातात ठेवावी लागतात. शहर उंचावरून पाहायचं तर ६३४ मीटरच्या स्कायट्रीला पैसे मोजण्याआधी शिंजुकुतल्या महानगर सरकारच्या इमारतीचा पंचेचाळिसावा मजला पाहा. २०२ मीटर उंची, तिकीट नाही.

पत्ता शोधताना एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवावी लागते. बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत. पत्ता म्हणजे वस्ती, तिचा भाग, त्यातला चौकोन आणि इमारत यांचे आकडे. ते नकाशाच्या अ‍ॅपवर सोपवावं. पण अ‍ॅप इमारतीपर्यंतच नेतं. उपाहारगृह सातव्या मजल्यावर किंवा तळघरात असू शकतं, दारावरच्या उभ्या पाटीवर मजल्यांचे आकडे असतात, आणि जपानी पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. दुसऱ्या मजल्यावर भेटू म्हणाल तर दोघं दोन ठिकाणी उभे राहाल.

शाकाहारी मंडळींसाठी जरा सविस्तर लिहायला हवं. “मांस नको” एवढं सांगून टोकियोत भागत नाही, कारण मासळी कुठे दिसत नाही आणि सगळीकडे असते. वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कात्र्यांचा अर्क, दाशी, हा तिथल्या स्वयंपाकाचा पाया. मिसो सूपमध्ये तो असतो, सोबा नूडल्स बुडवायच्या रसात असतो, तळलेल्या टोफूवर ओतलेल्या पातळ रसात असतो. थंड टोफूच्या वाटीवर त्याच कात्र्या भुरभुरलेल्या असतात. जपानी करीच्या तयार मसाल्यात बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते. भाजीची करी म्हणून मागवलेल्या ताटालाही हे लागू आहे. उपाय म्हणजे जपानी भाषेत छापलेली चिठ्ठी: मांस नको, मासा नको, माशाचा अर्क नको, आणि लागू असेल तर अंडं नको. ती वाढप्याला आत शिरतानाच दाखवावी, बसल्यावर नाही. जमणार नसेल तर ते स्पष्ट सांगतात, दोन्ही हातांची फुली करून. त्यात अपमान काही नाही. काकडीचा सुशी रोल, शिजवलेल्या सोयाबीनच्या शेंगा, साधा भात यांवर वेळ निभते. टोकियो स्थानकात फाटकाच्या आत टीज तानतान नावाचं उपाहारगृह आहे, तिथला रामेन पूर्ण शाकाहारी, दूधसुद्धा नसलेला.

अगदीच वरणभाताची आठवण झाली तर तोझाई मेट्रोने एदोगावा विभागातल्या निशी-कासाईला जावं. २०००च्या आसपास आलेल्या भारतीय संगणक अभियंत्यांनी ही वस्ती भरली. माझी भाची तिथेच राहते. किराणा दुकानात हिंग, पोहे, तूरडाळ सगळं मिळतं. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९मध्ये याच एदोगावाच्या विभाग परिषदेवर निवडून आले. भारतात जन्मलेली व्यक्ती जपानात निवडणूक जिंकण्याची ती पहिली वेळ होती. मांसाहारी असाल तर शिंजुकुतल्या नाकामुरायात भारतीय करी खाऊन पाहा. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५मध्ये जपानला पळून आले, त्यांना या दुकानाच्या मालकांनी आसरा दिला आणि पुढे ते त्यांचे जावई झाले. त्यांनी शिकवलेली कोंबडीची करी १९२७पासून तिथे विकली जाते. चवीपेक्षा गोष्ट मोठी आहे, पण चवही वाईट नाही.

टिप कुठेच देऊ नये. ठेवलेले पैसे विसरलेत समजून वाढपी मागे धावत येतो. इझाकाया नावाच्या पानगृहांत मात्र न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते आणि बिलात माणशी तीन-चारशे येन लागतात. ती फसवणूक नाही, बसण्याचं शुल्क आहे. फसवणूक होते ती काबुकिचो या शिंजुकुतल्या रात्री जागणाऱ्या वस्तीत. रस्त्यात गाठून इंग्रजीत गोड बोलणारा, स्वस्तात प्यायला नेतो म्हणणारा माणूस भेटला तर थांबायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. आत गेल्यावर बिल हजारांत नव्हे, लाखांत येतं. एरवी इतक्या सुरक्षित शहरात माणूस सैल पडतो, आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

शिष्टाचाराचं थोडक्यात: गाडीत फोनवर बोलू नये, पाठीवरची बॅग पुढे घ्यावी, सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहावं. ओसाकात लोक उजवीकडे उभे राहतात. रस्त्यावर कचऱ्याचे डबे सापडत नाहीत. २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सारीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर ते मोठ्या प्रमाणात काढले गेले. आपला कचरा पिशवीत घालून हॉटेलवर आणायचा. रुमालही हवा, कारण स्वच्छतागृहं उत्तम आणि फुकट असतात, पण हात पुसायला कागद नसतो.

निघण्यापूर्वीच्या सामानाबद्दल तीन-चार गोष्टी. वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पात्यांचा. आपल्या गोल पिना बसत नाहीत. लिहून दिलेली औषधं महिनाभर पुरतील इतकीच न्यावीत, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगीचं प्रमाणपत्र लागतं. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या घरीच ठेवाव्यात. तिथल्या आप्तांसाठी हापूसची पेटी किंवा ताजा कढीपत्ता नेण्याचा मोह होतो. रोपसंरक्षणाचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर हे पदार्थ विमानतळावरच जमा होतात. लाडू, चिवडा, चटण्या खुशाल न्या. ई-व्हिसा असेल तर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवर उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनचा फोटो किंवा छापील कागद चालत नाही. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवू नका. पर्यटकाने तो कायम जवळ बाळगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

राहता राहिल्या तारखा. आपल्याकडे शाळांना मेची सुट्टी लागते आणि विमानं भरतात. जपानात २९ एप्रिल ते ५ मे हा गोल्डन वीक, म्हणजे सुट्ट्यांचा आठवडा, असतो. तेव्हा सगळा देश घराबाहेर पडतो, हॉटेलचे दर चढतात, शिन्कान्सेनची आसनं संपतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणाला तेच, वर पस्तीस अंशांचा दमट उन्हाळा. १ ते ३ जानेवारी बरीच दुकानं आणि संग्रहालयं बंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून महिनाभर पाऊस. हवा सगळ्यात चांगली दिवाळीच्या सुमारास असते, आणि नोव्हेंबरअखेर टोकियोतली गिंकोची झाडं पिवळी होतात. मेच्या सुट्टीतच जायचं असेल तर तिकीट ७ मेनंतरचं काढा.